पुढे गेलेली चूल

"आवं बाई, समद्यांना मिळणारं पदक म्हंजे काय देवळातला प्रसाद हाय का?"

पालकसभेतला हा पहिला प्रश्न. विचारणारे गृहस्थ पलूसचेच, चांगले बागायतदार, प्रश्न टाकून झाल्यावर चारी बाजूंना बघून घेणारे. सगळे हसले. मला राग आला. माझा राग तसाही नाकावरच असतो, पण त्या दिवशी जास्त आला, कारण याचं उत्तर मलाही नीट देता येत नव्हतं.

मी पलूसच्या एका शाळेत खेळ शिकवते. शाळेला मुलींचं वसतिगृह जोडलेलं आहे. त्या वर्षी आमच्याकडे नववी-दहावीच्या मुलांसाठी एक पदक-उपक्रम सुरू झाला आणि तो रीतसर माझ्या गळ्यात पडला. शाळेत जे नवीन येतं ते खेळाच्या बाईंकडे जातं, बाकीच्यांना पोर्शन संपवायचा असतो. उपक्रम तसा साधा. काही महिने नेमानं एक कला शिकायची, एक खेळ खेळायचा, गावात काही सेवा करायची आणि शेवटी सहा जणांच्या गटानं सामान पाठीवर घेऊन दोन दिवसांची पायी मोहीम करायची. मोहीम पास झाली तर पदक. आधी कांस्य, पुढच्या वर्षी रौप्य, मग सुवर्ण. पण यात पहिला नंबर कुणाचाच नाही. ज्यानं आपलं ठरवलेलं पुरं केलं त्याला पदक. आता आमच्या भागात नंबर नसलेलं बक्षीस म्हणजे मीठ नसलेली आमटी. पालकांचा उत्साह तिथंच ओसरला.

फक्त एक माणूस दाराशी उभा होता तो आत आला. धोतर, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं. कवठे महांकाळच्या पलीकडच्या माळावरचा मेंढपाळ. त्याची मुलगी आमच्या वसतिगृहात नववीला होती. तो म्हणाला, "बाई, ह्ये पदक छातीवर लावायचं असतंय न्हवं? माझा धाकटा भाव फौजेत हाय. त्याची पदकं त्यानं घराच्या भितीला लावल्यात. तसलं?"

"तसलंच. थोडं लहान."

"मग झालं," तो म्हणाला. "साळंत काय शिकवतासा ते मला कळत न्हाई. पदक कळतंय. दिवाळीपातूर पोरीनं पदक घ्यावं, तिला हितंच ठिवतो. न्हाई घेतलं तर भाऊबीज झाली की पोरगी वाड्यासंगं. तिच्या आईच्यानं आता एकटीच्यानं घोडी आवरत न्हाई."

त्यांच्याकडे वाडा म्हणजे घर नव्हे. घोडी, मेंढरं, कोंबड्या, भांडी, माणसं असा सगळा चालता संसार म्हणजे वाडा. दिवाळी झाली की पूर्वेच्या माळावरचा चारा संपतो आणि हे वाडे कृष्णाकाठाला उतरतात. आमच्याकडचे शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, रानाला लेंडीखत मिळतं, वाड्याला धान्य मिळतं. त्यांच्या चालण्याची एक रीत ठरलेली आहे. बायका घोडी घेऊन पुढे जातात, मुक्कामाची जागा धरतात, तीन दगड मांडून चूल पेटवतात. पुरुष मेंढरांच्या पायानं मागून येतात. ते पोचतात तेव्हा भाकरी तव्यावर असते. पलूसला सून म्हणून आल्यापासून हे दरवर्षी बघत होते, पण बघणं वेगळं आणि कळणं वेगळं.

ती मुलगी म्हणजे काटक, काळीसावळी, कमी बोलणारी. वर्गात मागं बसायची आणि मैदानात सगळ्यांच्या पुढं असायची. तिच्या बापाची अट तिनं मला पुन्हा एकदा सांगितली, जणू मी विसरेन. "बाई, मोहीम पास झाली म्हंजे पदक. पदक झालं म्हंजे मी ऱ्हानार. हुईल न्हवं?"

"तुला चालायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं," मी म्हटलं. माझ्या डोक्यात शंकेला जागाच नव्हती. काळजी होती ती आमच्या हळूबाईची. ही त्या प्रसादवाल्या बागायतदारांची लेक. गोरीगोमटी, बोलघेवडी, बापाच्या मोटारसायकलवरून शाळेला येणारी. शंभर पावलं चालली की तिला पाणी, सावली आणि सहानुभूती, तिन्ही एकदम लागायचं. योगायोग असा की मेंढपाळाचा वाडा दरवर्षी त्यांच्याच रानात बसायचा. दोघी लहानपणापासून एकमेकींना ओळखत होत्या, पण बांधाच्या दोन बाजूंनी. गटातल्या बाकीच्या चौघी मधल्या. ना फार पुढं, ना फार मागं.

मोहीम दसऱ्यानंतर झाली, कराडच्या पश्चिमेला, डोंगराच्या सोंडेवरून. नियम एकच पाठ करून घेतला होता, गटानं एकत्र राहायचं. परीक्षक म्हणून आले होते एक निवृत्त सुभेदार. पिळदार मिशा, बोलणं मोजकं, त्यातलं निम्मं हिंदी. ते आणि मी लांबून मागोमाग चालत होतो, मुलींच्या कामात तोंड घालायचं नाही असं ठरलं होतं.

दुपारपर्यंत सगळं छान चाललं. मग ऊन कलायला लागलं आणि मेंढपाळाच्या मुलीनं एकदा सूर्याकडं बघितलं. थांबली. पीठ, तवा, डाळ, पातेलं सगळं आपल्या पिशवीत भरून घेतलं, तंबूंच्या गुंडाळ्या खांद्यावर टाकल्या आणि म्हणाली, "मी हुते म्होरं. तुमी या दमानं." आणि गेली. हे मला नंतर बाकीच्यांनी सांगितलं. आम्ही तेव्हा वळणाआड होतो. तिला थांबवावं असं पाच जणींपैकी कुणालाही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं असणार, कुणीतरी स्वयंपाकाला गेलं म्हणून.

पुढं जे व्हायचं ते झालं. चौघी आपल्या चालीनं निघाल्या आणि फाट्यावर चुकीच्या पायवाटेला लागल्या. हळूबाई सगळ्यांच्या मागं राहिली. आम्ही वळण ओलांडलं तर ती एका दगडावर बसून हुंदके देत होती. तिला उठवून, धीर देऊन, मग चौघींना हाका मारत शोधून काढेपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं. अंधारायच्या आत सगळ्या सापडल्या, इतकंच.

मुक्कामाच्या जागी पोचलो तर काय बघते, तंबू ठोकलेले. भोवतीचे काटेकुटे काढून जागा झाडलेली. तीन दगडांच्या चुलीवर आमटी रटरटतेय, भाकऱ्यांची चवड फडक्यात गुंडाळलेली आणि ती चुलीशी बसून वाटेकडं बघतेय. आम्हाला बघून तिचा चेहरा उजळला. "भाकरी गरम हाय," ती म्हणाली.

सुभेदारांनी सगळं फिरून बघितलं. तंबूचे ताण ओढून बघितले. म्हणाले, "कॅम्प एक नंबर. लेकिन टीम कुठाय?"

गट नापास झाला.

ती रडली नाही. मला बाजूला घेऊन तिनं विचारलं, "पर बाई, मी काय चुकले? सांजच्याला कुणीतरी म्होरं जायाच पायजे की. न्हाईतर चूल कोण पेटवणार?" तिच्या दृष्टीनं तिनं आपल्या माणसांसाठी करायचं ते सगळं केलं होतं, आईनं केलं असतं तसंच्या तसं. आणि नेमकं त्याच कामासाठी तिला परत बोलावून घ्यायला बाप तयार बसला होता. मला इतकं वाईट वाटलं की जेवण गेलं नाही.

म्हणून मी सुभेदारांवर घसरले. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, घरटी एक माणूस फौजेत असलेलं गाव. फौजी माणसाशी भांडायचं कसं हे मला उपजत येतं. म्हटलं, साहेब, सगळ्यात जास्त काम जिनं केलं तिलाच तुम्ही नापास करता? ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तिला मी फेल केलंच नाही. ती एकटी असती तर शंभर टक्के पास. मी टीम बघतोय. एक पोर जंगलात एकटी रडत होती." बरोबर बोलणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो.

पण त्यांनीच पुढं सांगितलं की मोहीम पुन्हा करता येते. दिवाळीच्या सुट्टीच्या सुरुवातीला, धनत्रयोदशीच्या आत, ते वेळ काढतील. मी लगेच हो म्हटलं. मुख्याध्यापकांना नंतर विचारलं.

मग रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर उसाच्या रानांमधल्या गाडीवाटेनं आमचा सराव. धावायला शिकवणं मला येतं, हळू चालायला कसं शिकवायचं हे कुठल्याच कोर्समध्ये सांगितलेलं नव्हतं. मेंढपाळाच्या लेकीला दमानं घे म्हटलं की ती दहा पावलं दमानं घ्यायची आणि अकराव्याला पाय सुटायचे. बोलत बोलत चल म्हटलं तर बोलायला थांबायची आणि मग पळत सगळ्यांना मागं टाकायची. मी हात टेकले.

एके दिवशी मुली दमून पाटाच्या कडेला बसल्या होत्या. हळूबाई पाय पाण्यात सोडून तिला म्हणाली, "तुझा बाप आमच्या रानात येतो तवा लंगड्या मेंढीमागं किती वेळ चालत असतो गं. त्याला कसं जमतं?"

ती म्हणाली, "मागं चालायचं काम आण्णांचं. जी मेंढी लंगडती तिच्या पायानं चालायचं. म्होरं जायाचं काम आईचं." पाण्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "बाई, म्हंजे ह्या मोहिमंत मी आईचं न्हाई, आण्णांचं काम करायचं?"

"व्हय गं माझे बाई," मी म्हटलं. मला इतक्या दिवसांत हे इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती शेवटी चालायला लागली. हातात एक काठी घेतली. हळूबाई थांबली की ही थांबायची, ती निघाली की ही निघायची. हळूबाई चिडून म्हणाली, "मला मेंढी केलीस व्हय गं?" आणि मग दोघी इतक्या हसल्या की वाटेवरचा ट्रॅक्टरवाला गाडी हळू करून बघायला लागला.

त्याच दिवसांत तिनं मला आणखी एक गोष्ट सांगितली. तिच्या आजीच्या वेळी वाडा मोठा होता. सहा सहा बायका मिळून घोड्या घेऊन पुढं जायच्या, हसत, गाणी म्हणत, एकमेकींची पोरं सांभाळत. मग एक काका फौजेत गेला, एक पिंपरीला कंपनीत लागला, मामाशी चराईवरून बापाचं बिनसलं आणि त्याचा वाडा वेगळा झाला. मोठ्या बहिणीचं लग्न झालं. पुढं जायची रीत तीच राहिली, जाणारी मात्र एकटी आई. परक्या माळावर, माणूस ना काणूस, ती चूल पेटवून वाट बघत बसते. "त्या दिवशी मी डोंगरावर एकटी बसले न्हवं," ती म्हणाली, "तवा मला कळलं. भ्या वाटत हुतं, बाई. मी सांगितलं न्हाई कुणाला."

दुसरी मोहीम कराडला संपणार होती, कृष्णा आणि कोयना जिथं भेटतात त्या घाटावर. पालकांना बोलावलं होतं. दिवाळीची खरेदी करून पिशव्या घेऊनच लोक आले. मेंढपाळ एसटीनं आला होता. घाटाच्या पायरीवर बसायला तयार नव्हता, उभाच. मी मोहिमेच्या अखेरच्या टप्प्याला मुद्दाम आधी येऊन थांबले होते, सुभेदार मुलींच्या मागं होते.

ऊन उतरलं तशी वाटेवर चौघी दिसल्या. मेंढपाळानं टाचा उंचावल्या. चौघी पन्नास पावलांवर येऊन थांबल्या, मागं वळून बघत उभ्या राहिल्या. तो एकेक चेहरा बघत होता. त्यांच्या घरातल्या बाया सगळ्यांच्या आधी पोचतात, त्यामुळं लेक पुढंच असणार असं धरून तो आला होता. ती नव्हती. त्याचा चेहरा पडला.

"आमची न्हाई आली? ऱ्हायली व्हय वाटंत?"

"येतेय मागून," मी म्हटलं.

"मागनं?" तो म्हणाला. "आमची पोरगी, आन मागनं?"

मग वाट बघणं आलं. मुली उभ्या, पालक उभे. प्रसादवाले बागायतदार चार वेळा पुढं जाऊन परत आले. मला वाटायला लागलं की हळूबाईनं कुठंतरी बसकण मारली, झालं, संपलं सगळं. जीव टांगणीला लागला होता. आणि मग वळणावर दोघी दिसल्या. बूट चावल्यामुळं हळूबाईनं बूट काढून गळ्यात अडकवले होते आणि लंगडत होती. तिच्या एक पाऊल मागं ती. दोघींच्या पिशव्या तिच्या पाठीवर, हातात काठी. हळूबाई थांबली की ती थांबत होती. शेवटची पन्नास पावलं सहाही जणी मिळून चालत आल्या.

मागून सुभेदार आले. मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "एकटी कुणीच राहिली नाही. पास. सब के सब."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलं नाही. हळूबाईच्या आईनं आपल्या लेकीला सोडून आधी त्या दुसरीला जवळ घेतलं. मेंढपाळ थोडा लांब उभा राहून ते बघत होता.

"मागं का गं ऱ्हायलीस?" त्यानं लेकीला विचारलं.

"तुमी नसता व्हय ऱ्हात, लंगडी असली म्हंजे?" ती म्हणाली. मग एकदम म्हणून टाकलं, "आण्णा, मला हितं ठिवा न्हाईतर संगं न्या. पर आईला एकटीला म्होरं धाडू नगा. आजीच्या वक्ताला सहाजणी हुत्या. आता ती एकटीच जाती."

तो माझ्याकडं वळला. "पदक?"

"ते वरून येतं," मी कशीबशी म्हणाले. "महिना-दोन महिने लागतील."

"आत्ता न्हाई?" त्यानं मान हलवली. मला वाटलं, गेली पोर. अट पदकाची होती आणि दाखवायला माझ्या हातात काहीच नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं बंडीतून मोबाईल काढला, एक आकडा लावला आणि नदीच्या बाजूला जाऊन पाठमोरा बोलत राहिला. बराच वेळ. एकदा आवाज चढला, मग खाली आला. परत आला तो लेकीला म्हणाला, "चल. गाडी हाय." दोघं स्टँडकडं गेले. मला हो नाही की नाही नाही.

दिवाळी गेली, शाळा उघडली. वसतिगृहातली तिची खाट रिकामी. बापाचा फोन बंद. हळूबाई रोज मला विचारायची आणि मी रोज तिच्यावर चिडायचे, कारण मलाही तेच कुणालातरी विचारायचं होतं. खोलीतल्या मुलींनी तिची गादी गुंडाळून ठेवली होती, ती मी पुन्हा पसरायला लावली.

एका सकाळी मैदानावर कवायत चालू असताना कुंपणाकडची पोरं ओरडली, "बाई, मेंढरं!"

रस्त्यानं वाडा येत होता. पुढं दोन घोड्या होत्या, दोन. पाठीवर भांडी, घोंगडी, कोंबड्यांचा खुराडा, झोळीत कोकरू. आणि त्यांच्या कासऱ्याला धरून दोन बायका, एकमेकींशी बोलत बोलत चाललेल्या. एकीला मी ओळखलं, तिची आई. दुसरी तिची मामी, हे नंतर कळलं. त्यांच्या मागं मेंढरांचा लोंढा, त्यात मामा आणि बाप. आणि सगळ्यात शेवटी, एका लंगड्या मेंढीच्या पायानं चालत, शाळेचा गणवेश घालून, पाठीवर दप्तर आणि हातात काठी, ती.

"बाई, पोच करतोय," बाप म्हणाला. "मेंढराच्या पायानं आलो, जरा उशीर झाला."

"फोन तरी करायचा की हो!" मी ओरडलेच.

"चार्जिंग कुटलं आवं माळाव?"

मी सांगितलं, पदक अजून आलेलं नाही. म्हणाला, "यील की. आलं म्हंजे साळंतच ठिवा. आमच्याकडं लावायला भिताड कुटं हाय?" मग मामाकडं हात करून खालच्या आवाजात म्हणाला, "घाटावनं ह्यालाच फोन केलता. आधी लय बोलला मला. बोलू दे म्हणलं."

हळूबाई एव्हाना कवायत सोडून पळत गेली होती. चक्क पळत. तिनं दप्तर हिसकावून घेतलं आणि दोघी फाटकातून आत गेल्या.

आई अजून रस्त्यावरच उभी होती. इतक्या वर्षांत ती माझ्याशी कधी एक शब्द बोलली नव्हती. आज कासरा हातात गुंडाळत माझ्याजवळ आली.

"बाई," ती म्हणाली, "औंदा वाटंनं बोलाय माणूस हाय."

आणि भावजयीला हाक मारून पुढं निघाली. संध्याकाळच्या आत त्यांना चूल मांडायची होती.